चाकाचे रूप आणि चाकाचे वय

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे पूजा ठरलेली. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, नारळ आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. मराठी घरात लिंबू चिरडले की पेढे वाटायचे. घरात कन्नड माहेरची सून असेल तर आयुधपूजेला बूदुगुंबळकायी, म्हणजे आपला कोहळा, गाडीवरून ओवाळून फोडायचा. त्या दिवशी चाकाला जो मान मिळतो तो पुढे वर्षभर मिळत नाही. नंतर आपण गाडीचा रंग पाहतो, काच पुसतो, सीटकव्हर बदलतो. चाकाकडे लक्ष जाते ते पंक्चर झाल्यावर!

खरे तर एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताहून थोड्या मोठ्या जागेवर. ब्रेक कितीही चांगले असोत, ड्रायव्हर कितीही हुशार असो, शेवटी सगळे त्या चार तळहातांवर अवलंबून. आमच्या आईची भाषा कन्नड. कन्नडमध्ये चाकाला म्हणतात ‘गालि’ आणि हवेला म्हणतात ‘गाळि’. एका ल आणि ळ चा फरक. लहानपणी वडिलांची जीभ या दोन शब्दांत हमखास घसरायची आणि आई हसायची. पण चाक आणि हवा यांचे नाते किती जवळचे, हे त्या दोन शब्दांनी आम्हाला फार लवकर शिकवले.

मी मूळची निपाणीची, आता बेळगावची. आमच्या घरी दोन पिकअप आहेत. बेळगावची भाजी पहाटे गोव्याला पोचवायची, हा आमचा व्यवसाय. हिशेबाची वही माझ्याकडे असते, आणि त्या वहीत डिझेलच्या खालोखाल खर्च टायरचा. त्यामुळे बायकांच्या गप्पांत साड्यांचा विषय निघाला तरी माझे लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकाकडे जाते. गेल्या जानेवारीत धाकट्या बहिणीकडे ग्वाल्हेरला गेले, तेव्हाही तसेच झाले.

ग्वाल्हेरशी आपले नाते

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला परके वाटत नाही. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे ते संस्थान. त्यांच्या मागोमाग गेलेली मराठी घरे आजही लष्कर भागात आहेत. तिथली गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी आपल्या मिरज-इचलकरंजीकडे आणली आणि कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती पुढे देशभर नेली. बेळगावातून गोवा एक्सप्रेस धरली की मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी करत गाडी बदलल्याशिवाय थेट ग्वाल्हेरला उतरता येते.

टायरच्या बाबतीतही एक धागा आहे. ग्वाल्हेरहून आग्रा रोडने निघालात की मुरैनाच्या आधी बानमोर लागते. तिथे १९९१ पासून जे. के. टायरचा कारखाना आहे. याच कंपनीने १९९७ मध्ये म्हैसूरची विक्रांत टायर ही कंपनी घेतली. ‘विक्रांत’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना अजून तोंडपाठ आहे. म्हणजे कर्नाटकातले म्हैसूर आणि शिंद्यांच्या राजधानीजवळचे बानमोर एकाच कंपनीच्या छपराखाली आले.

आणि ग्वाल्हेरचा मेळा! १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला हा मेळा आजही हिवाळ्यात भरतो. झोके, खजूर, चादरी, लोणच्याच्या बरण्या हे तर आहेच, पण आता तिथे मोटारींचे मोठे दालन असते. मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना मध्य प्रदेश सरकारने अनेक वर्षी रस्ता करात ५० टक्के सूट दिलेली आहे. त्यामुळे तिकडची माणसे गाडी घ्यायची ठरली की मेळ्याची वाट पाहतात. बहिणीच्या मुलाने, माझ्या भाच्याने, पिकअप घेतली तीही २०१८ च्या मेळ्यात.

लग्नसराईतली गाडी

भाच्याचा धंदा मंडप, खुर्च्या आणि कॅटरिंगची भांडी पोचवण्याचा. देवउठनी एकादशीनंतर तिकडे लग्ने सुरू झाली की त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मी म्हटले, “अरे, मालाची गाडी ती. तिला एवढे नटवतोस कशाला?” तर म्हणाला, “मावशी, लग्नवाले आधी गाडी बघतात, मग भाव विचारतात. हॉलच्या दारात मळकी गाडी उभी राहिली की मुलीचे वडील मला पाच मिनिटं बाजूला उभं करतात.”

त्याचे म्हणणे खरे होते. गाडीचे रूप ही चैन नाही, ते धंद्याचे भांडवल आहे. आमच्याकडेही गोव्याच्या हॉटेलात भाजी उतरवताना स्वच्छ गाडीच्या ड्रायव्हरला वेगळा मान मिळतो. प्रश्न एवढाच की रूप सांभाळताना आपण काय झाकतो आहोत.

त्याचे मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. लग्नसराई चालू, हातात पैसे तुटपुंजे. त्याच्या मनात ट्रान्सपोर्ट नगरातून जुने टायर घ्यायचे होते. बहिणीचा जीव खालीवर होत होता, कारण गाडीत मागे मालावर चार पोरे बसून जातात हे तिला ठाऊक. भाऊजींचे म्हणणे, “एक सीझन निघू दे, मग नवे घेऊ.” घरात दोन दिवस याच विषयावर भांडण. शेवटी मी म्हटले, “चला, मी येते बघायला.”

काळ्या रंगाखाली काय?

एका दुकानात टायरची रास होती. एकेक टायर कोळशासारखा काळा, तेल लावल्यासारखा चमकणारा. नक्षी खोल दिसत होती. दुकानदार म्हणाला, “बहनजी, बिल्कुल नया समझिए.” भाव नव्याच्या निम्म्याहून कमी. भाच्याचे डोळे लकाकले.

मी ओला रुमाल मागितला आणि टायरच्या खाचेत बोट घालून पुसला. रुमाल काळा झाला. नव्या टायरचा रंग असा निघत नाही. मग खाचा पाहिल्या. कारखान्यातून येणाऱ्या खाचेच्या कडा गुळगुळीत असतात, कारण ती साच्यात तयार होते. इथे कडा खरखरीत, कुठे खोल तर कुठे उथळ. म्हणजे झिजलेल्या टायरवर गरम कटरने नवी नक्षी कोरलेली होती. एका ठिकाणी तर तळाशी धाग्याची जाळी दिसत होती.

असे टायर घातक का? टायरच्या आत धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. बाहेरचे रबर झिजले की त्यांच्यावरचे पांघरूण आधीच पातळ झालेले असते. त्यात आणखी खाच कोरली की पाणी आणि खडे थेट तारांपर्यंत जातात. तारा गंजतात, थर सुटतात आणि भर वेगात टायर फुटतो. मोठ्या ट्रकच्या काही टायरवर कंपनीनेच ‘रीग्रूव्हेबल’ असे छापलेले असते. त्यांत खाच खोल करण्यासाठी जादा रबर मुद्दाम राखलेले असते. आपल्या पिकअपच्या साध्या टायरला हे लागू नाही.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या धडावर नवा पट्टा बसवलेला टायर, ही वेगळी गोष्ट. तो प्रामाणिक धंदा आहे. चांगल्या कारखान्यात धड तपासून पट्टा चढवतात. तरीही तो पुढच्या चाकांना लावू नये, हे जाणते ड्रायव्हर आपल्याकडेही सांगतात. पण रिमोल्ड घेताना दुकानदार तो रिमोल्ड आहे असे सांगतो. कोरलेला टायर मात्र नवा म्हणून विकतात. फरक तिथे आहे.

त्या दुकानातून आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

बाजूवरची अक्षरे

टायरच्या बाजूला किती अक्षरे असतात! आपल्याला ती शोभेची वाटतात, पण ती त्या टायरची जन्मपत्रिका आहे. चार गोष्टी वाचायला शिकलात तरी पुरे.

पहिली गोष्ट, माप. समजा २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

दुसरी, तारीख. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ असेल तर टायर २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. हे चार आकडे बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूने पाहा. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, मग टायरची का नाही?

तिसरी, भार. मालाच्या गाडीचा टायर आणि प्रवासी गाडीचा टायर दिसायला सारखे असले तरी पेलतात वेगवेगळे वजन. मालवाहू टायरवर प्लाय रेटिंग किंवा भाराचा आकडा असतो. जुन्या टायरपेक्षा तो कमी असता कामा नये.

चौथी, झिजेची खूण. खाचेच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. बाजूला टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दिसला की त्याच्या सरळ रेषेत नक्षीमध्ये पाहा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिलिमीटर उरले, असे समजा. आपल्या मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी हीच शेवटची मर्यादा आहे. कोरलेल्या टायरमध्ये हे उंचवटे एक तर कापले गेलेले असतात, नाही तर खाचेच्या तळापासून भलतेच उंच दिसतात. चोरी तिथे पकडली जाते. आयएसआयचे चिन्हही पाहून घ्यावे.

रुंद टायरची हौस

पुढच्या दुकानात भाच्याची दुसरी हौस निघाली. “मावशी, चौडे टायर घालू का? काय भारी दिसते गाडी!” तरुण मुलांना रुंद टायर, मोठी पांढरी अक्षरे, दगडी खडबडीत नक्षी यांचे वेड आहे. ते ग्वाल्हेरला आहे तसे आपल्या बेळगाव-कोल्हापूरलाही आहे.

तिथेच पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडला. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटरने वाढतो. गाडी १५ मिलिमीटर उचलली जाते. वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६२ च्या पुढे असते. स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासू शकतो. इंजिनाला तेच ओझे ओढायला जास्त जोर लागतो, म्हणजे डिझेल जास्त. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असे सांगितले. उद्या अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

मग हौसच करायची नाही का? करावी की! मापात राहून निवडायला पुष्कळ वाव आहे. एकाच मापात सरळ पट्ट्यांची नक्षी मिळते, ती डांबरी रस्त्यावर शांत आणि सरळ चालते. ठोकळ्यांची नक्षी मिळते, ती चिखलात, उसाच्या फडात, खाणीच्या वाटेवर पकड घेते, पण डांबरावर आवाज करते. दोन्हींची मिसळ असलेलीही मिळते. गाडी कुठे चालते ते पाहून नक्षी निवडली की ती चांगली दिसतेच. एका आसावरच्या दोन्ही टायरची नक्षी मात्र एकच हवी. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसवला तर दिसायलाही विचित्र आणि पाणी फेकायलाही वाईट.

टायर काळा का असतो

रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा. सुरुवातीच्या काळातले टायरही पांढरट, करडेच होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अगदी बारीक काजळी, मिसळायला लागले आणि टायरचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. काजळीमुळे रबर झिजायला कणखर होते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचते. म्हणजे टायरचा काळा रंग शोभेसाठी आलाच नाही. आपण डोळ्यांत काजळ घालतो तसे नव्हे, ही काजळी अंगात मुरलेली.

पण काही महिन्यांत टायर तपकिरी दिसू लागतो आणि मालकाला वाटते, माल खराब लागला. तसे नसते. हवेतल्या ओझोनने रबराला तडे जातात. ते टाळण्यासाठी कारखान्यातच रबरात मेणासारखे पदार्थ आणि ओझोनरोधक रसायने घालतात. टायर फिरताना दबतो, सुटतो आणि ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात. तिथे त्यांचा पातळ तपकिरी थर बसतो. तो मळ नाही, ते टायरचे कवच आहे! म्हणून तर रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उन्हात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला लवकर तडे जातात.

धुणे आणि पॉलिश

आता चुका कुठे होतात ते पाहा. आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास डिझेलचा बोळा टायरवर फिरवतात. रॉकेल, जळके ऑइल हेही लावतात. दोन दिवस टायर काळाकुळकुळीत दिसतो. पण खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि ते संरक्षक मेण निघून जाते. दर आठवड्याला असे केले तर दोन-तीन वर्षांत बाजूला बारीक जाळी पडते.

योग्य रीत सोपी आहे. गाडी सावलीत लावा. टायर गार होऊ द्या. बादलीत साधा सौम्य साबण आणि पाणी घ्या. मऊ ब्रशने चिखल, ब्रेकची धूळ काढा. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा होऊ द्या. लग्नाच्या दिवशी चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळणारे टायर ड्रेसिंग मिळते, ते फडक्यावर घेऊन फक्त बाजूला लावा आणि जास्तीचे पुसून टाका. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर चमक लावायची नाही म्हणजे नाही. तिथे ते घसरणे विकत घेण्यासारखे आहे. ब्रेकच्या भागावरही उडू देऊ नका.

पांढऱ्या अक्षरांचेही तसेच. उठावाची अक्षरे पांढऱ्या रंगाने भरायची असतील तर तेवढीच भरावीत. पूर्ण बाजूला ऑइलपेंटचा पांढरा पट्टा मारला की तो वाळून कडक होतो, आणि खाली रबराला तडा गेला, फुगा आला तरी दिसत नाही. बाजूला फुगा दिसणे म्हणजे आतला थर तुटला आहे. तो टायर त्या क्षणी उतरवायचा. तो फुगा रंगाखाली लपला तर?

रिम, नट आणि रंग

लोखंडी रिमला चंदेरी रंग दिला की जुनी गाडी दहा वर्षांनी तरुण दिसते. खर्चही कमी. पण रंगवताना दोन जागा सोडायच्या. नट जिथे बसतो ती जागा आणि रिम जिथे ड्रमला टेकते ती मागची जागा. तिथे रंगाचा जाड थर राहिला की गाडी चालताना तो दबतो आणि आवळलेले नट सैल होतात. रिम बसवल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळायचेच.

नटाच्या भोवती तांबूस गंजाचे ओघळ दिसले तर समजावे की नट सैल आहे आणि चाक हलते आहे. धुणारा पोरगा तो ओघळ पुसून टाकतो आणि वरून चकचकीत व्हील कॅप बसवतो. झाले! ज्याने सांगायचे त्याचे तोंडच बंद. आमच्या ड्रायव्हरने नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली आहे, ती रिमवरही उतरते. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. नटाची नटवानटवी असावी तर अशी.

ऊन तिथले, पाऊस इथला

ग्वाल्हेरचा उन्हाळा आपल्याला माहीत नाही. पारा ४५ च्या वर जातो. थंडीही कडाक्याची, पहाटे ५ अंशांपर्यंत खाली. हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. साधारण साडेपाच अंशांना एक पौंड हा ढोबळ हिशेब. थंडीच्या पहाटे ३५ पौंड भरलेला टायर मेच्या दुपारी ४२ च्या आसपास जाईल. पण उन्हात तापलेल्या टायरची हवा काढणे ही चूक. तो गार झाला की हवा कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि फुटतो तोही मालाने भरलेला असतानाच. म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, गेज लावून बघायची. दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दाब दिलेला असतो, तोच खरा. टायरला लाथ मारून हवा कळत नाही.

आमच्या इकडे प्रश्न पावसाचा. जुलैत चोर्ला घाटातून पहाटे तीनला भाजीची गाडी उतरते तेव्हा रस्त्यावरून पाणी वाहत असते. टायरच्या खाचा ते पाणी बाजूला फेकतात. खाच संपली की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग हलके लागते. म्हणून १.६ ही कायद्याची मर्यादा असली तरी घाटवाल्यांनी तिची वाट पाहू नये. आमच्या घरी मे महिन्यातच खाचा बघतात. ज्याच्या खाचा उथळ दिसतात तो टायर पावसाळ्याआधी उतरतो.

झिजेची भाषा

टायर कसा झिजला हे पाहून गाडीचा आजार कळतो. फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा ओझे जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडले. जागोजागी खळगे पडले तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. हात फिरवला की करवतीसारखे लागले तरी अलाइनमेंटच. डॉक्टर जीभ बघतो तसे हे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे-मागचे बदलले की झीज सारखी होते आणि चारही सारखे दिसतात.

हे वाचायचे असेल तर टायर स्वच्छ हवा, पण रंगवलेला नको. सारा मुद्दा एवढाच आहे.

ग्वाल्हेरला शेवटी काय झाले? भाच्याने मूळ मापाचे, सरळ पट्ट्यांचे, भाराला पुरेसे दोन नवे टायर घेतले. पैशाची तोंडमिळवणी बहिणीने भिशीच्या पैशातून केली. रुंद टायरचा नाद सोडला, पण चारही रिम चंदेरी रंगवून घेतल्या. तेवढी हौस झाली पाहिजे! पुढच्या वरातीला गाडी गेली तेव्हा कोणी त्याला बाजूला उभे केले नाही, असे त्याने फोनवर सांगितले.

त्याच फोनवर बहीण म्हणाली, “अक्का, एक सांगायचं राहिलं. तू गेल्यावर मी सगळ्या टायरचे आकडे वाचले. खाली टांगलेल्या स्टेपनीवर ४४१७ निघाले.” म्हणजे २०१७ सालचा ४४ वा आठवडा. गाडीबरोबर आलेली स्टेपनी एकदाही रस्त्याला लागली नव्हती. नक्षी कोरी, पण बाजूला बारीक तडे. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो वापरूच नये, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीला कोणी पॉलिश करत नाही, तिच्याखाली लिंबू ठेवत नाही. म्हणूनच ती खरे वय सांगते. आता तिची स्टेपनी तपासायला पंक्चरवाल्याकडे गेली आहे.

तुमच्या गाडीच्या स्टेपनीवर कोणते चार आकडे आहेत? या रविवारी गाडी धुताना जरा वाकून बघा, आणि घरातल्या पोरांनाही दाखवा.